पिवळ्यावर हिरवं

मला शिवता येतं म्हटलं की लोक आधी माझ्या मिशीकडं बघतात, मग हातांकडं. हात फौंड्रीतले आहेत. बोटं जाडजूड, एका नखावर हातोडी पडून ते कायमचं काळं झालेलं. "तुम्ही? आणि शिवता?" होय बाबा, मीच शिवतो. गळ्याला पट्टी लावतो, काज-बटण करतो, इलॅस्टिक ओवतो. आणि पोरींचे उन्हाळ्याचे कपडे तर असे शिवलेत की वरचं कुठलंही घ्या, खालचं कुठलंही घ्या, एकमेकांवर शोभलंच पाहिजे. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या बोळातली माणसं हसून दमली, तुम्हीही दमाल.

हौस म्हणून शिकलो नाही. माझी धाकटी पोरगी माझ्या घरातून जायची वेळ आली होती, म्हणून शिकलो.

बायको गेली तेव्हा थोरली तिसरीत होती आणि धाकटी नुकती बालवाडीत जायला लागली होती. तापाचं निमित्त झालं, तिनं तो अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत मागं राहिलो मी, दोन पोरी आणि तिचं शिलाई मशीन. माझे आईवडील त्याच्याही आधी गेलेले. स्वयंपाक मी शिकलो. वेण्या घालायला शिकलो; माझ्या वेण्या वाकड्या यायच्या, पण संध्याकाळपर्यंत सुटायची हिंमत नव्हती त्यांची. नाकी नऊ आणले ते कपड्यांनी. कामावर निघायच्या घाईत कपाटासमोर रोज महाभारत. ह्या फ्रॉकची चेन तुटलेली, त्या पँटचा नाडा आत गेलेला, हा शर्ट थोरलीला आखूड, तो धाकटीला घोळदार. बायको होती तेव्हा हे सगळं कसं जमायचं, मला कधी कळलंच नव्हतं. पोरींच्या अंगावर कपडे आपोआप येतात, असाच माझा समज होता.

अशात कोडोलीला बायकोच्या चुलत भावाचं लग्न निघालं. कोडोली म्हणजे माझी सासुरवाड. सकाळच्या एसटीनं जायचं म्हणून आदल्या दिवशी सगळं काढून ठेवलं होतं, पण ऐनवेळी धाकटीच्या रेशमी फ्रॉकची शिवण काखेत उसवली. एसटी चुकणार म्हणून हाताला लागेल ते तिच्या अंगात घातलं. वर थोरलीचा स्वेटर आणि खाली सशाची चित्रं असलेली झोपायची पँट. मांडवात पाऊल ठेवलं आणि सगळ्या बायकांच्या नजरा पोरीवर. कुणी काही बोललं असतं तर मी तोंड सोडलं असतं, आपल्याला त्याची अडचण नाही. पण कुणीच बोललं नाही. नुसत्या चुकचुकल्या. सासूबाईंनी धाकटीला उचललं, घरात नेलं आणि शेजारच्या कुणाच्या तरी पोरीचा फ्रॉक घालून बाहेर आणलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला गोठ्यामागं बोलावलं.

"पावणं, राग मानू नगा," त्या म्हणाल्या. "थोरली शाणी हाय, ती तुमच्यापाशी ऱ्हाईल. धाकटीला मी न्हेतो. जूनला हितल्या शाळेत पहिलीला घालतो. घरात बाईमाणूस न्हाई, तुमी तरी किती करणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरगी माझी, न्हेणाऱ्या तुम्ही कोण, हे अगदी ओठावर आलं होतं. पण वर बघतो तर बाई रडत होत्या. आवाज न करता, पदर तोंडाला न लावता, सरळ माझ्याकडं बघत रडत होत्या. भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. अशा माणसाशी काय करायचं?

"मेअखेर ठरवू, मामी," मी कसंबसं म्हणालो. सासूबाईंना मी मामीच म्हणतो.

"ठरवू की. सुट्टी लागली की मी येऊन ऱ्हातो दीड महिना. पोरीला माझी सवय हुईल."

परतीच्या एसटीत दोघी माझ्या अंगावर झोपल्या होत्या. धाकटीच्या अंगात तो परका फ्रॉक तसाच होता. सासूबाई चुकीचं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता माझं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आमच्या फौंड्रीत मी पॅटर्न शॉपला आहे. जी वस्तू लोखंडात ओतायची, तिचा आधी लाकडी नमुना करतात, तो मी करतो. एकाच मापाच्या शंभर वस्तू निघाल्या पाहिजेत आणि कुठलीही कुठंही बसली पाहिजे, हे आमच्या धंद्याचं तत्त्व. तर एकदा मोबाईलवर वेण्यांचे व्हिडिओ बघताना मध्येच एक बाई आली. तिनं मुलांचे मोजकेच कपडे मांडले होते आणि सांगत होती की रंग असे निवडा की वरचा कुठलाही कपडा खालच्या कुठल्याही कपड्यावर चालेल, मग मूल आपलं आपण तयार होतं. मी ताडकन उठून बसलो. अगं बाई, हे तर आम्ही फौंड्रीत रोजच करतो! कुठलाही बोल्ट, कुठलाही नट. हे मला का जमू नये?

एप्रिलमध्ये थोरलीची परीक्षा संपली आणि मी मशीनवरचं झाकण काढलं. तेल कुठं घालायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सरावाला एक जुनी चादर घेतली आणि धाकटीची चड्डी बेतली. आता लोखंड गार होताना आटतं, म्हणून आम्ही नमुना थोडा मोठा करतो. सुती कापडही धुतल्यावर आटतं हे मी ऐकून होतो. मग काय, दिला सढळ हातानं वाढवून. सगळ्या बाजूंनी. शिवून झाली आणि मी ती दाराच्या खिळ्याला अडकवून लांबून न्याहाळत होतो, तेवढ्यात सासूबाई पिशवी घेऊन दारात हजर.

त्यांनी ती चड्डी खिळ्यावरनं उतरवली, दोन्ही हातांनी ताणून धरली.

"पावणं, ही तुमची व्हय?"

"धाकटीची."

"धाकटीची! आवो, हिच्यात धाकटी, थोरली आन् आमची शेळी बी मावंल की!"

मी आपलं लोखंडाचं शास्त्र सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या आणि हसत होत्या. हसता हसता खालीच बसल्या. "कापड आधी भिजवायचं असतंय. भिजवायचं, वाळवायचं, आन् मग बेतायचं. आटायचं ते आधीच आटू द्यायचं," एवढं बोलायला त्यांना कितीदा तरी थांबावं लागलं. पोरींना आजी का हसते हे कळत नव्हतं, पण त्याही हसत सुटल्या. लेक गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि मग त्यांची नजर मशीनवर गेली आणि हसू मावळलं. मशीन त्यांनीच लेकीला दिलं होतं.

"मामी, मला शिकवता?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी शिकलो, पोरींचं नीट करायला लागलो, तर धाकटीला न्यायचं त्यांचं कारणच जाणार होतं. माझ्यापेक्षा हे त्यांना जास्त कळत होतं. नाही म्हणाल्या असत्या तर मी काय करणार होतो?

"कात्रीला धार लावून आणा," त्या म्हणाल्या. "हिनं भाकरी बी कापायची न्हाई."

दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे महाद्वार रोडला कापड घ्यायला गेलो. धाकटीनं हळदीसारखा पिवळाधमक तागा दोन्ही हातांनी धरला आणि सोडायलाच तयार नाही. थोरलीनं पांढऱ्यावर बारीक निळी फुलं निवडली. मी विटकरी घेतलं, कारण आमच्या बोळात खेळून आलेल्या पोराचं बूड विटकरीच होतं. सासूबाईंनी गर्द हिरव्यावर बोट ठेवलं. "ह्ये घ्या. मळखाऊ हाय." ठरलं. पिवळे आणि फुलाफुलांचे वरचे, विटकरी आणि हिरवे खालचे, दोघींना त्याच रंगांचे. थोरलीचे झालेले पुढं धाकटीला चालतील, असाही माझा हिशेब होता.

मग बादल्या भरून कापडं भिजवली आणि बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून वाळत घातली. झालं. सगळ्या पेठेला कळलं. तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसलेली असतात, त्यांना तर आयतंच सापडलं.

"काय ओ मास्तर, ब्लाऊज पण घेता काय शिवायला?"

"घेतो की. तुझ्या मापाचं सांग," मी म्हणालो. आपण उधार ठेवत नाही.

शिकवणी सुरू झाली. मी कामावरून आलो, चहा घेतला की मशीनवर बसायचं आणि सासूबाई शेजारी पाटावर. बाईंचं तोंड म्हणजे काय सांगू! मला जावई म्हणून ताटात पहिली भाकरी वाढायची आणि मशीनवर बसलो की धारेवर धरायचं. "टीप सरळ घाला की, बैल उसात शिरल्यागत काय चाललंय?" "गळा कापलाय का विहीर खांदलीय?" "उसवा. व्हय, सगळं उसवा." लाकडात मी केसाइतका फरक ओळखतो, पण लाकूड एका जागी पडून राहतं. कापड सरकतं, ताणतं, सुरकुततं. पहिला आठवडा मी जेवढं शिवलं त्याच्या दुप्पट उसवलं असेल.

एकदा मी धाकटीच्या चड्डीला खाली बेताचीच दुमड घातली. त्यांनी ती हातात घेऊन लगेच परत दिली.

"वाढत्या अंगाचं पोर हाय. दुमड मोठी ठेवा. म्हंजी पुढच्या वर्षी उसवून सोडली की..." आणि त्या तिथंच थांबल्या. पुढच्या वर्षी ही पोरगी कुठं असणार होती? मी मान खाली घालून दुमड मोठी केली. त्या उठून चुलीकडं, म्हणजे गॅसकडं गेल्या आणि उगीचच भांडी हलवत राहिल्या.

एप्रिल सरता सरता कपडे झाले. कपाटाच्या एका फळीवर वरचे, दुसऱ्या फळीवर खालचे. बटणं सगळी पुढं, चेन कुठंच नाही, कमरेला इलॅस्टिक. मी दोघींना समोर उभं करून जाहीर केलं, "आजपासून कशावर पण काय पण घाला. माझं काही म्हणणं नाही."

काय सांगू तुम्हाला त्या सकाळचं! धाकटी आत गेली, दार लोटून घेतलं आणि जरा वेळानं बाहेर आली. फुलाफुलांचा वर, विटकरी खाली. बटणं एक घर चुकलेली, पण सगळं तिचं तिनं घातलेलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जणू गडच जिंकून आली. कपाटासमोरचं महाभारत संपलं. मी त्या दिवशी बसून चहा प्यायलो. कपात बिस्कीट बुडवून. बायको गेल्यानंतर सकाळचा चहा मी बसून प्यायलोच नव्हतो, हे मला बसल्यावर आठवलं. आजही मला त्या चहाची चव सांगा म्हटलं तर सांगेन.

सासूबाई हे सगळं बघत होत्या, पण कोडोलीचा विषय मागं घेत नव्हत्या. धाकटीला मांडीवर घेऊन म्हशीच्या रेडकाच्या गोष्टी सांगायच्या, शेतातल्या आंब्याच्या सांगायच्या. पोरगीही "आज्जी, मग मी पण रेडकाला पाणी पाजणार" म्हणायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. मे पुढं सरकत होता.

आणि मग फायनल मॅचचा दिवस आला, आमची आणि पलीकडच्या तालमीची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला एका वाक्यात कळणार नाही. प्रत्येक तालमीचा आपला संघ, आपला रंग, आणि समोरच्याचा रंग घरात चालत नाही. मी स्वतः आमच्या तालमीकडून फुलबॅक खेळलोय. आमचा रंग जांभळा-पांढरा. पलीकडच्या तालमीचा पिवळा शर्ट आणि हिरवी चड्डी.

होय. पिवळा शर्ट आणि हिरवी चड्डी.

पिवळं धाकटीनं निवडलं, हिरवं कोडोलीच्या सासूबाईंनी. दोघींना तालमीतलं काय कळतंय? पण मी? इतकी वर्षं ज्या रंगाच्या पोरांना मैदानात आडवं केलं, तोच रंग मी आठवडेच्या आठवडे घरात बसून शिवत होतो आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. माझं सगळं लक्ष टीप सरळ येते का इकडंच. थोरलीला मात्र कळलं होतं. तिनं ते दोन कधी एकत्र घातलेच नव्हते, आणि धाकटीलाही गुपचूप दुसरं काढून द्यायची. मी एवढा खूष होतो, मला कशाला सांगायचं, असं तिला वाटलं, हे तिनं नंतर कबूल केलं.

तर ऐन फायनलच्या दुपारी धाकटी आपली आपण तयार होऊन बोळात गेली. वर पिवळं, खाली हिरवं. कट्ट्यावर पन्नासेक पोरं जांभळे झेंडे घेऊन बसलेली. असा कल्ला उठला की मी हातातला चहा टाकून बाहेर धावलो.

"मास्तर, पार्टी बदलली व्हय?"

"आज मॅच हाय आन् तुमच्या दारातनंच त्यांचा झेंडा बाहेर पडला की ओ!"

"ए बाळ, जा, बदलून ये जा. अपशकुन करतीस काय?"

धाकटी मधोमध उभी. काय चुकलं हे तिला कळत नव्हतं. ओठ थरथरायला लागले. मी तोंड उघडलं ते 'चल, बदल आधी' म्हणायलाच, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, कशावर पण काय पण घाल म्हणालास की तू."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या बघत होत्या, पण मी त्यांच्यासाठी थांबलो नाही. पोरगी खरं बोलत होती, म्हणून थांबलो. मी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि कट्ट्याकडं वळून ओरडलो, "माझ्या पोरीनं काय घालायचं ते माझी पोरगी ठरवणार! ज्याला बघवत न्हाई त्यानं डोळं मिटून चालावं!" आणि तसाच स्टेडियमच्या वाटेला लागलो. थोरली मागं, आणि तिच्या मागं सासूबाई.

"मामी, तुम्ही कुठं?"

"मी बी येतो. बघू तरी काय असतंय."

वाटभर लोक हाका मारत होते, शिव्या देत होते, हसत होते. मीही सगळ्यांना जागच्या जागी परत देत होतो. सासूबाईंनी आयुष्यात फुटबॉल बघितला नव्हता. आपले जांभळे, एवढं समजून घेतलं आणि थोड्या वेळानं आमच्या गोलकीपरला त्या वरून ओरडत होत्या, "आरं हल की, खांबागत काय हुबा ऱ्हायलास!" एवढं ओरडूनही आम्ही हरलो. अगदी शेवटी गोल खाल्ला. म्हटलं, आता पेठेत आयुष्यभर ऐकायला लागणार, पोरीच्या चड्डीनं फायनल घालवली म्हणून.

बाहेर पडलो तर पलीकडच्यांची हलगी सुरू झालेली, गुलाल उडतोय, सगळीकडं पिवळं-हिरवं. त्या गर्दीला माझ्या खांद्यावरची पोरगी दिसली. अख्खी त्यांच्या रंगात! "आरं, आपली बारकी बघा!" म्हणत त्यांनी तिला माझ्या खांद्यावरून कधी उचललं, मला कळलंच नाही. वरच्या वर हातांवर नाचवायला लागले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, आनंदाच्या भरात होते बिचारे. पण धाकटी आधी हसली आणि मग घाबरली. "पप्पा!" ऐकू आलं. मी घुसायला बघतोय, पण गर्दी मला आत घेईना. मागून सासूबाई ओरडल्या, "माझी पोरगी! आरं, माझी पोरगी!"

आणि मग आमची पोरं आली. तीच कट्ट्यावरची, खाली माना घालून चाललेली. त्यांनी धाकटीचा आवाज ओळखला आणि सगळीच्या सगळी वळली.

"ए, खाली ठेव! खाली ठेव तिला!"

"का? रंग तर आमचा हाय की!"

"कापडं तुमच्या रंगाची असतील," आमच्यातला एक गरजला, ज्यानं दुपारी तिला बदलून ये म्हटलं होतं तोच. "पोरगी आमची हाय!"

पलीकडच्यातला एक मोठा माणूस हसला. त्यानं धाकटीला स्वतः खाली उतरवलं, तिच्या हातात पेढा दिला आणि म्हणाला, "न्या बाबांनो, तुमची तुमी न्या." आमच्या पोरांनी तिला मधे घेतलं आणि तशीच घरापर्यंत आणली. एकाच्या हातात तिची निसटलेली चप्पल. दारात आल्यावर तो सासूबाईंना म्हणाला, "आज्जी, भ्याला काय? पेठेत हिला येकटी कोण सोडंल?" सासूबाईंनी त्याच्या हातातून चप्पल घेतली. मी मात्र त्या दिवशी त्या सगळ्यांना चहा पाजला आणि एकालाही शिवी दिली नाही, हे त्यांना अजून आठवतं. त्यांची मी जन्मभर चेष्टा सहन करीन, करतोच आहे. ती पोरं नसती तर मला माझ्याच पेठेची ओळख पटली नसती.

मे संपायला आला. सासूबाईंनी पिशवी आवरायला घेतली. दुपारची वेळ, दोघी पोरी जमिनीवर सागरगोटे खेळत होत्या, मी सुट्टीचा घरी. धाकटीचं काय ठरलं ते विचारायची मला हिंमतच नव्हती.

"पावणं," त्या पिशवीतून मान वर न करता म्हणाल्या, "थोरलीचा बारका झालेला गणवेश टाकला काय?"

"नाही. माळ्यावर असंल."

"काढा. उसवून धाकटीच्या मापाचा करतो. मी जायच्या आत हुयाला पायजे."

मी गणवेश काढला. थोरलीच्या शाळेचा गणवेश, इथल्या, पलीकडच्या गल्लीतल्या शाळेचा. त्यांच्या हातात दिला आणि तसाच उभा राहिलो.

"मामी, म्हणजे... कोडोलीला..."

"कोडोलीला मी हाय की. सुट्टीला धाडा दोघींस्नी." त्यांनी गणवेश मांडीवर पसरला आणि हातानं सुरकुत्या काढत राहिल्या. "मला वाटलं हुतं, हितं तिला कोण न्हाई. हाईत की बक्कळ." मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "लेक गेली आन् माझं घर रिकामं झालं, पावणं. धाकटीला न्हेली असती तर भरलं असतं. पर पोर काय माझं घर भराय जलमाला आली न्हाई."

मला आता कळलं, त्या दिवशी चादरीची चड्डी हातात घेऊन त्यांनी माझ्याकडं तेवढा वेळ का बघितलं होतं. आपल्या हातानं शिकवून त्यांनी पोरगी मला परत दिली होती. आमच्यात आभार मानायची पद्धत नाही. मी वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावायला गेलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"पाया मागनं पडा. आधी ह्या सुईत दोरा ओवा, मला दिसंना झालंय."

मी सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, उजेडाकडं धरलं. मलाही दिसेना. पुन्हा धरलं, पुन्हा दिसेना. थोरलीनं सागरगोटे खाली ठेवले, माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि दोरा ओवून आजीला दिला.